परक्या घरचे पाच टाक

७ जानेवारी, मंगळवार

सकाळीच रशीदभाईंचा फोन. "दिगूसाब, जल्दी आव. तुम्हारे वास्ते एक चीज रख्या मैं." इथं सोलापुरात, भवानी पेठेत त्यांचं भंगाराचं गोदाम. गेलो. पितळेचा पानाचा डबा, आठ कप्प्यांचा, आणि आत अडकित्ता. पोपटाचा! चोच उघडली की बरोब्बर सुपारी मावते. घोड्याचे आहेत माझ्याकडे, मोराचे आहेत, एक बाई-बाप्याचा आहे, पण माझ्या एकशे बारा अडकित्त्यांत पोपट नव्हता. अंगावर काटा आला, खरं सांगतो. कुणाला सांगतो? वहीला.

डबा उचलला तर तळात खुडखुड. कप्प्यांचं ताट वर काढलं. खाली हिरव्या खणात गुंडाळलेले पाच टाक. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेले देव, कुणाच्या तरी देवघरातले. रशीदभाईंनी हातच मागं घेतला. "भगवान हैं क्या? मेरे कू नक्को बाबा. भगवान कू भंगार में रखूं क्या मैं? तुम ले जाव."

घेऊन आलो. टाक चिंचेच्या पाण्यात टाकले ओट्यावर आणि भिंग घेऊन पोपटापाशी बसलो. दोन तास. तिथंच घोळ झाला.

८ जानेवारी

टाक ओट्यावर नाहीत. देव्हाऱ्यात आहेत. आपल्या बाळकृष्णाच्या नि अन्नपूर्णेच्या मागं, तांदळाच्या राशीवर, ओळीनं. हळद, कुंकू, झेंडूचं फूल.

"आई, ते संग्रहातले आहेत गं. काचेच्या कपाटात ठेवायचे. खाली चिठ्ठी लावून."

"देवाला काचेत कोंडतोस व्हय?"

"कोंडतो कुठं? सगळं नीट ठेवतो मी."

"मी दूध-साखर दाखवली काल. आता त्यांना ठाऊक झालंय की, हितं कोणतरी हाय म्हणून."

पूजा एकदा धरली की खंड पाडायचा नाही, हे मलाही कळतं. पण धरली तिनं. चिंचेत मी घातले हेही खरं. चहा ७.१०.

१९ जानेवारी, रविवार

गड्ड्याच्या जत्रेत दोन चकरा मारल्या. जुन्या वस्तूंचं काही नाही, सगळं प्लास्टिक.

आईनं पाचही ओळखले. कुत्रं आहे तो खंडोबा, दुसरा घोडेवाला जोतिबा, आठ हातांची तुळजापूरची, काठीवाला भैरोबा. चौघांची नाकं-डोळे पार झिजलेत. पाचवा त्या मानानं नवा. उभा माणूस, डोक्याला फेटा, हातात काही नाही. उजव्या खांद्यावर चेपलाय, जणू कुणी रोज अंगठा फिरवलाय. "ह्यो देव न्हवं. कुणाचा तरी माणूस हाय. घरातला गेलेला." आज रविवार म्हणून खंडोबाला वांग्याचं भरीत. त्या माणसाला वेगळा घास काढला, वर शेंगाचटणी.

"त्याला तिखट चालतं कशावरून?"

"सोलापूरचा असंल की."

३ फेब्रुवारी, सोमवार

आई मोरीत घसरली. हाड मोडलं नाही, गुडघा गेला. डॉक्टर: खाली बसायचं नाही, सहा महिने तरी. मग बघू म्हणे.

देव्हारा जमिनीपासून वीतभर. संध्याकाळी मला पलंगापाशी बोलावलं. "आता तू."

मी. अठ्ठावन्न वर्षांचा, शाळेच्या प्रयोगशाळेतून रिटायर, बिनलग्नाचा, देवाला लांबून नमस्कार करणारा. रिटायर झालो तेव्हा ठरवलं होतं, गावोगावचे जुने बाजार पालथे घालायचे.

६ फेब्रुवारी

नियम (आईनं पलंगावरून सांगितले तसे): अंघोळ आधी. चहा नंतर. ओलं धोतर. देवाला नळाचं शिळं पाणी नको. आता आमच्याकडे नळ येतो चार दिवसांनी! ताजं पाणी काय रानातून आणू? "पिण्याच्या घागरीतलं घे." म्हणजे देव पहिले, मग आम्ही. नैवेद्य गरम. भंडारा डाव्या हाताने नाही. मधेच फोन आला तर उचलायचा नाही.

चहा ९.०५. डोकं ठणकतंय.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज फार दिवसांनी बरं वाटलं. पुण्याच्या संग्राहकांच्या मंडळाचा फोन. १० मेपासून चार दिवस प्रदर्शन. मला अख्खं एक दालन. फक्त अडकित्ते! "तुमच्यासारखा संग्रह आम्ही पाहिला नाही, साहेब." साहेब म्हणाला. तीस वर्षं लोक मला सुपारीवाला म्हणत आले. हो म्हणून टाकलं. वस्तू ८ मेच्या संध्याकाळपर्यंत त्यांच्या टेम्पोत चढवायच्या.

आईला सांगितलं. खूश झाली. मग म्हणाली, "आणि देव?"

२ मार्च, रविवार

अक्काला पुण्याहून बोलावू, ती चार दिवस राहील आईपाशी. अक्का तयार. "जा की रे, कधी जातोस कुठं!" पूजाही करते म्हणाली.

आईला नाही पटलं. "ती लेक. दुसऱ्या घरची झाली. परक्या हातची पूजा न्हाय चालायची."

"आई, ते देवच परके आहेत!"

"आता न्हाईत."

शेजारच्या कुलकर्णींच्या पोराला विचारू? नको. गुरवाला? नको. देव बरोबर घेऊन जाऊ? "घर मोकळं ठेवून?" जी वाट काढावी तिच्यापुढं म्हातारीचा पलंग आडवा. चिडून बाहेर पडलो, कोपऱ्यापर्यंत गेलो, नैवेद्याची वेळ झाली म्हणून परत आलो. दिवसाला साडेतीन तास मोकळे मिळतात, दुपारचे. तुरुंगातही थोडं फिरवून आणतात म्हणे.

चहा ९.२०.

९ मार्च

एकच उपाय. ज्यांचे त्यांना परत.

रशीदभाईंना गाठलं. डबा आला कुठून? डोकं खाजवलं, पोराला हाक मारली, वही उघडली, बंद केली. "पीठ की गिरनी के पिच्छे घर था ना, टूट गया वो. बिल्डिंग हो रही. वो लोगां का सामान. माणिकराव करके हैं, फरशी का दुकान है उनका." मग हळूच: "गलती हुई क्या मेरे से?" त्यांची काय चूक.

२१ मार्च, शुक्रवार

दोन खेपा फुकट गेल्या, आज माणिकराव सापडले दुकानात. पन्नाशीचे, सभ्य, कपाळाला गंध. टाक म्हणताच माणूस पांढरा पडला. मला बाहेर रसवंतीत नेलं.

हकिकत अशी. जुनं घर पाडलं, फ्लॅटमध्ये जायचं ठरलं. देव फार झिजले होते, म्हणून नवे घडवले सोनाराकडून. रीतच आहे, नवे बसवायचे आणि जुने नदीला सोडायचे. जुने त्यांच्या आईनं स्वतः खणात बांधून आपल्या पानाच्या डब्यात ठेवले, सीनेला नेऊन सोडायला. थोरला मुलगा हाच. काम याचं. आज जाऊ, उद्या जाऊ. मग सामान हलवायच्या गडबडीत डबा भंगाराच्या टेम्पोत. "आईला सांगितलंय, सोडले म्हणून. विधी करून सोडले म्हणून."

मी म्हटलं, मग घेऊन जा ना आता.

हात जोडले त्यानं. "नेऊन कुठं ठेवू? तिनं बघितलं तर? तुम्हीच सोडा की साहेब नदीला. माझ्या डोक्यावरचा भार उतरवा."

दोन ग्लास रस प्यायलो. म्हणजे मला सुटका आहे! रीतीतच बसते. येताना रिक्षात गुणगुणत होतो.

२२ मार्च

आईपुढं मांडलं सगळं. खूश होईल वाटलं. नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरोबर हाय. झिजलेले सोडतात. पण नवे बसवल्याबिगर जुने सोडत न्हाईत."

"त्यांनी बसवलेत की नवे. फ्लॅटमध्ये."

"त्यांच्या घरात. आपल्या घरात कुटं बसवलेत? आपण पूजतोय ह्यांना. सराफ कट्ट्यावर जा, पाच नवे घडव. मग सोड."

म्हणजे जुने घालवायचे तर नवे आणायचे. आणि नवे किती वर्षं टिकतात? "माझ्या सासऱ्यांचे ऐंशी वर्षं टिकले." मी अठ्ठावन्न अधिक ऐंशी ही बेरीज करत बसलो. मला पोरबाळ नाही. माझ्यामागं यांना कोण? रशीदभाई.

हसूच आलं. मग रडू आलं, तेही लिहून ठेवतो. चहा झालाच नाही आज, विसरलो.

१३ एप्रिल, रविवार

ऊन मरणाचं. आज भांडण. लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

भरीत करपलं. वास आल्यावर आई आतून ओरडली, खंडोबाला करपलेलं? मी तवा आपटला. म्हटलं, "कुणाचा खंडोबा? कुणाचे देव? मला अडकवून ठेवायला आणलेस तू हे! मी कुठं जाऊ नये म्हणून!" असंच म्हणालो. ब्याऐंशी वर्षांच्या बाईला.

मग भिंतीकडं बघत बोलली. ती घरातली धाकटी सून. लग्न होऊन आली तेव्हापासून आपले टाक थोरल्या काकांच्या घरी, अकलूजला. सणाला जायचं, पाणी भरायचं, पुरणं वाटायची. पण टाकांना हात काकूचा. "पन्नास वर्षं जाऊबाईच्या मागं हुभी ऱ्हायले, नारळ धरून. एकदा म्हटलं, मी लावू का गंध. म्हणली, तुमच्या घरी लावा. घरी काय होतं? बाळकृष्ण. त्यो काय, सगळ्यांकडंच असतोय." मग थांबून, "त्या दिवशी वट्यावर बघितलं, चिंचेत पडलेले. म्हटलं, माझ्या दारात आपल्या पायानं आले."

नवं भरीत केलं. तिला ताट वाढलं, त्या फेटेवाल्याचा घास काढला, खांदा पुसला त्याचा.

पण सुटलो नाहीच. उलट आता जास्तच बांधला गेलो. आधी निदान चिडता तरी येत होतं.

२७ एप्रिल

नळ आला. पाणी भरता भरता पूजा. पुण्याचा फोन दोनदा, पूजेत होतो, उचलला नाही. मग मेसेज: "साहेब, नक्की ना?" उत्तर दिलं नाही.

अडकित्ते मात्र पुसून, कापडात गुंडाळून तीन पेट्यांत भरून ठेवलेत. पोपट सगळ्यांत वर. का भरले ते मलाही माहीत नाही. चहा ८.४०. हात बसलाय आता, कटकट कमी होते.

६ मे, मंगळवार

दुपारी दार वाजलं. माणिकराव. ओळखलाच नाही आधी, दाढी वाढलेली.

पाणी दिलं. घटाघट प्यायला आणि एकदम सांगायला लागला. आईला कळलं. कसं? पाडव्यापासून रोज म्हणत होती, नव्यांतला तो टाक ह्यांचा नाही. "ह्यांचा" म्हणजे तिच्या नवऱ्याचा, माणिकरावांच्या वडिलांचा. ते गेले तेव्हा टाक करून घेतला होता. पंधरा वर्षं रोज पूजेत त्याच्या खांद्यावर हात ठेवायची म्हणे, बोलायची. देव सोडले त्याचं काही नाही तिला. पण वडिलांना कुठल्या घाटावर सोडलंस, तिथं घेऊन चल, एकदा बघू दे, हा हट्ट. नेलं असतं कुठंही, पण तिच्यासमोर खोटा घाट दाखवायचं धैर्य झालं नाही. सांगून टाकलं, डबा भंगारात गेला. त्याला आज अकरा दिवस. एक शब्द बोलली नाही याच्याशी. जेवते, पण याच्या हातचं पाणी घेत नाही.

"साहेब, आहेत ना? तुमच्याकडे आहेत ना अजून?"

आणि मी, जानेवारीपासून याच माणसाची वाट बघणारा मी, दोन दिवसांवर पुण्याचा टेम्पो, पेट्या भरून तयार, मी म्हणालो, "नाहीत हो. तुम्हीच म्हणालात ना. सोडले सीनेला."

कसं आलं तोंडात, माहीत नाही. आतल्या खोलीत आई होती. देव्हाऱ्याचं दार उघडं होतं, माणिकरावांच्या पाठीमागं पाच पावलांवर. वळला असता तर दिसले असते. वळला नाही. खुर्चीत बसून राहिला. उठताना म्हणाला, "तुम्ही तरी विधी केला असेल नीट." मी मान हलवली.

फोन नंबर नि पत्ता लिहून ठेवून गेला. कशासाठी, त्यालाच माहीत.

७ मे

आई बोलत नाही. माझी आई, माझ्याशी.

पूजा केली. फेटेवाल्याच्या खांद्यावर गंध लावलं. पंधरा वर्षं एका बाईच्या अंगठ्याने झिजलेला तो खांदा, आणि मी जानेवारीत लिहिलंय इथंच, "जणू कुणी रोज अंगठा फिरवलाय". भिंगाखाली सगळं दिसतं मला. अडकित्त्याच्या बिजागरीवरून कारागीर कुठला ते सांगतो. हे नाही कळलं.

दुपारी जेवताना तिनं विचारलं, "खोटं का बोललास?"

"तुझ्यासाठी."

"मी सांगितलं हुतं?"

"नाही."

कढी भुरकली. ताट बाजूला सारलं. "म्हंजे चार महिने मी दुसऱ्या बाईच्या नवऱ्याला जेवायला घालतीय व्हय रे? आणि ती तिकडं उपाशी."

"ती जेवते, आई. बोलत नाही फक्त."

"तेच म्हणतीय मी."

मी म्हटलं, देऊन टाकू सगळे. सरळ जातो, पाया पडतो, खोटं बोललो म्हणतो. तिनं ऐकलं. मग देव्हाऱ्याकडं बघत राहिली. चौघांकडं. तिचे डोळे भरलेले मी बघितले नाहीत असं दाखवलं. शेवटी म्हणाली, "चार देव हाईत. त्यांना ती सोडायलाच निघाली हुती. त्यो माणूस तिचा हाय."

पण एक परत दिला की उरलेले चार कुठं आहेत ते आलंच. माणिकराव मागेल. नाही मागणार. त्याची आई मागेल. माझं खोटं उघडं पडेल ते वेगळंच. आईलाही हे कळत असणार.

८ मे, गुरुवार

पहाटे अंघोळ. पाणी कालच संपलं, घागरीतलं घेतलं.

पूजा पाचांची केली, नेहमीसारखी. मग फेटेवाल्याला उचललं. तांदळाच्या राशीवर खळगा पडला तो तसाच राहिला. डबा बाहेर काढला, तोच पानाचा, आठ कप्प्यांचा. हिरवा खण होताच. पोपट पुण्याच्या पेटीत वर होता. बघितलं त्याच्याकडं. डबा तिचा, तर अडकित्ताही तिचाच की. काढला पेटीतून, ठेवला डब्यात जागच्या जागी. इतकं जड गेलं म्हणून सांगू. माणसाला द्यायला त्रास झाला नाही, पोपटाला झाला. असा मी आहे.

माणिकरावांना फोन लावला. उचलला नाही. पूजेत असेल. थेट जातो घरी, पत्ता आहे. त्याच्या आईपुढं काय बोलणार, चौघांचं विचारलं तर काय सांगणार, काही ठरलेलं नाही. आईला दोनदा विचारलं, काय सांगू? दोन्ही वेळा म्हणाली, "तिथं गेल्यावर कळंल."

टेम्पो पाचला येणार. पेट्या दाराशी आहेत. पुण्याला काय कळवायचं तेही ठरलेलं नाही. चारच उरले तरी पूजा ती पूजाच.

चप्पल घालत होतो तर आतून हाक. "दिगू, थांब. असाच न्हेतोस? भाकरी झालीया. आदी त्याला जेवू घाल. आपल्या घरातनं उपाशी नको जायला."

खाली बसलो परत. घास काढला, वर शेंगाचटणी घातली.